आईंचा राहिलेला चौथा भाग

मी विज्ञानाच्या शिकवण्या घेते. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची आजवर मी फक्त टिंगलच केली आहे. हां, भुतांच्या प्रेमकथा वाचायला मात्र मला जाम आवडतात... पण ती गोष्ट वेगळी!

आम्ही बोर्ली पंचतनला राहतो. घरामागे सुपारीची छोटी वाडी आहे. दुपारी सासूबाई सुपारी सोलायला बसायच्या आणि मी शेजारी पुस्तक घेऊन. तेव्हा एक इंग्लिश सिरीज वाचत होते, कॉलेजच्या पोरापोरींसाठी लिहिलेली, चार भागांची. दीपगृहातल्या एका तरुण भुताच्या प्रेमात पडलेली मुलगी... एवढीच गोष्ट, पण काय रंगवली होती! एकदा आईंनी विचारलं, "एकटीच काय हसतेस गं?" मी मराठीत सांगायला लागले आणि आई त्यात पुरत्या अडकल्या.

"पण तो भूत आहे ना आई, लग्न कसं होणार?" मी मुद्दाम चिडवायचे.

"भूत हाय तर काय झालं? पोरगा गुनी हाय. दारू न्हाय, तंबाखू न्हाय."

मला एक खोड आहे, शेवटचं पान आधी वाचायची. तसं करताना दिसले की आई सुपारीच फेकून मारायच्या. "भात शिजायच्या आधी झाकन काय काढतेस!"

तिसऱ्या भागाच्या शेवटी ते भूत समुद्रात नाहीसं झालं. चौथा भाग अजून छापून यायचा होता. आई रोज विचारायच्या, "आला का गं? लगीन व्हतं का न्हाय त्यांचं?" आणि पुस्तक यायच्या आधी आईच गेल्या. झोपेतच, शांतपणे. मी खूप रडले. इतकी मन लावून ऐकणारी मैत्रीण मला पुन्हा कुठे मिळणार होती?

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर चांगले चार-पाच बसले होते, एकही खाली उतरेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखायची आणि शब्द द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. माझ्या नवऱ्याने, संदेशने, हात जोडले. "आये, वाडी इकनार न्हाय." कावळे ढिम्म. "ताईला दर सणाला माहेरी आणीन." तरी ढिम्म. ऊन चढलं. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. म्हणजे आई मनात काहीतरी ठेवूनच गेल्या असं धरायचं. संदेशचा चेहरा बघवेना.

मी पुढे झाले आणि हळूच म्हटलं, "आई, लग्न होतं हो त्यांचं."

एका कावळ्याने मान वाकडी केली, पण जागचा हलला नाही. थापच होती ना ती! मला तरी कुठे ठाऊक होतं?

"बरं... पुस्तक आलं की सगळं मोठ्याने वाचून दाखवते. आणि शेवटचं पान आधी उघडणार नाही. शप्पथ!"

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर! संदेश रडता रडता हसायला लागला. गुरुजी हातातला दर्भ तसाच धरून म्हणाले, "वहिनी, पुस्तक कोणतं म्हणायचं?"

महिन्याभराने चौथा भाग आला. सुपारीच्या ढिगाशेजारी बसले आणि सवयीने हात थेट शेवटच्या पानाकडे गेला. तोच कुंपणावरून जोरात "काव!" मी पुस्तक मिटलं आणि गुपचूप पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज दुपारी मी वाचायचे, तो कुंपणावर बसायचा. आणि शेवटी लग्न झालं हो! "ऐकलंत ना, आई?" मी ओरडलेच. कावळा उडाला तो परत आलाच नाही.

संदेश म्हणतो, योगायोग. कावळ्याला भूक लागली असेल. असेलही. पण मग इतका वेळ का थांबला होता? माझ्या विज्ञानात याचं उत्तर नाही.

मला आईंची फार आठवण येते. म्हणून परवा नवी सिरीज मागवली, या वेळी मुलगी भूत आहे. सुपारी सोलायला घेऊन पहिला भाग मोठ्याने वाचतेय. कुंपणावर अजून कोणी नाही... पण शेवटचं पान मी अजून उघडलेलं नाही.