नव्या प्लास्टरवरची खूण

“सोमवारी ऑपरेशन. वृषाली, तुझं मशीन परत घेऊन जा,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

समोर भैरवगढचे गफ्फारभाई बसले होते, कापडावर ठप्पे मारणारे छपाई कारागीर. उजव्या हाताचं हाड मोडून पाच महिने झाले, तरी जुळत नव्हतं. ऑपरेशन म्हणजे कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं. हात पुन्हा ठप्पा मारेल का, याची हमी कोणी देईना आणि सगळं घर त्याच हातावर.

माझं काम बोन स्टिम्युलेटर लावून देण्याचं. प्लास्टरवर एक कॉइल बांधायची. तिच्या चुंबकीय लहरींमुळे आत अगदी हलका करंट तयार होतो आणि हाडाला जुळायला मदत होते. पेशंटला काही म्हणजे काही जाणवत नाही. म्हणून बरेच जण कंटाळतात आणि मशीन कपाटात जातं. पण गफ्फारभाईंच्या मशीनच्या मीटरवर वापराचे रोजचे तीन तास चोख होते.

“म्हणजे उपयोग नाही,” डॉक्टर म्हणाले. मीही मान डोलावली.

मी पट्टे सोडायला लागले, तसे गफ्फारभाई हळूच म्हणाले, “मॅडम, बुरा मत मानना. नए प्लास्टर पे निशान क्यों नहीं लगाया? हम तो बिना निशान के ठप्पा नहीं रखते.”

अगं बाई!

एक्स-रे बघून प्लास्टरवर पेनाने खूण मी करते. कॉइल बरोबर तिथेच बसली पाहिजे. मधे प्लास्टर बदललं होतं. तेव्हा मी फोनवरच सांगितलं, “पहले जैसा ही बाँधना.” ते बिचारे अंदाजाने मनगटाजवळ बांधत राहिले. हाड मोडलं होतं चार बोटं वर.

“सर, चूक माझी आहे,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

“कमाल आहे तुझी!” डॉक्टर म्हणाले. “ आठ आठवडे देतो. त्यापुढे एक दिवस नाही.”

मी गफ्फारभाईंची माफी मागितली. ते म्हणाले, “होता है मॅडम. हमारा भी कपड़े का पूरा थान बिगड़ जाता है कभी.” त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. मी खूण केली आणि दर रविवारी भैरवगढला जाऊन कॉइल तपासत राहिले.

आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत फटीवर नव्या हाडाची पांढरी साय धरलेली दिसली. डॉक्टरांनी फिल्म दोनदा उजेडात धरली. “मशीनने जुळलं की आपोआप, शपथेवर नाही सांगणार. पण ऑपरेशन कॅन्सल.” मला तिथेच रडू फुटलं.

गफ्फारभाई माझे आभार मानत होते. खरं तर उपकार त्यांचेच. ते वेळेवर बोलले नसते, तर माझ्या चुकीपायी ते ऑपरेशनच्या टेबलावर गेले असते आणि मला कधी कळलंही नसतं.

मीटर फक्त तास मोजतो. बाकीचं पेशंटला विचारावं लागतं.