उतारावरचे छत्तीस फवारे

विनायकराव देवपुजारी यांनी भोपाळला बरखेड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाइपांमधला दाब मोजला. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी केरवा धरणाच्या बाजूला दीड एकर जमीन घेतली. जमीन कसली, घसरगुंडीच! बी आपण पेरावं आणि ते खालच्या शेजाऱ्याकडे उगवावं. वर वीतभर काळी माती, खाली नुसता मुरूम.

ही वीतभर माती वाचवायची, एवढाच त्यांचा ध्यास. मोकळं पाणी सोडलं की ते पळतं आणि मातीलाही पळवून नेतं, म्हणून त्यांनी उतारासाठी बारीक तोटीचे छत्तीस फवारे आणले. पाणी इतकं सावकाश पडे की जमीन सगळं पिऊन टाकी. बिट्टन मार्केटात भाजी घेतानाही ते अनोळखी माणसाला अडवून सांगत, "तासाला फक्त पाच मिलिमीटर!" माणूस मेथी घेऊन काढता पाय घेई.

खालच्या सपाट तुकड्यावर मोठे फवारे होते. अदलाबदल नको, म्हणून विनायकरावांनी प्रत्येक नळीवर पांढऱ्या रंगाने वळणदार अक्षरात लिहिलं, कुठे 'सपाट', कुठे 'उतार'. मग ते पत्नी विजयाताईंसह पुतणीच्या लग्नाला नागपूरला गेले. जाताना रखवालदार गेंदालालला बजावलं, "जैसा लिखा है, वैसाच करना।"

तीन दिवसांनी परतून पाहतात तो उतारावर छत्तीस उघड्या नळ्या भसाभस पाणी ओकताहेत, मटाराची कोवळी रोपं मुळं वर करून पडली आहेत, आणि जागोजागी घळी पडून मुरूम दात विचकतो आहे. तोट्या मात्र पोत्यात व्यवस्थित बांधलेल्या.

"ये क्या कर दिया?"

"आपने ही तो लिखा था साहब, उतार। सो उतार लिए। गिन लो, पूरे छत्तीस हैं।"

विनायकरावांनी पोतं उघडून तोट्या मोजल्या. छत्तीस भरल्या. विजयाताई म्हणाल्या, "चाळीस वर्षं भोपाळात काढलीत, आणि हिंदी अजून 'वैसाच'! उतार म्हणजे त्यांच्यात काढून घे."

"मग आता उताराला हिंदीत 'ढाल' लिहितो!"

"लिहा. तो बादलीने ओतेल. ढाल म्हणजे ओतसुद्धा."

तेवढ्यात खालच्या बांधावरून शेजारी हात जोडून म्हणाला, "साहब, मिट्टी बहुत बढ़िया भेजी आपने। लहसुन लगाऊँगा।"

"वापस चाहिए!" विनायकराव कडाडले.

"बुलाई थोड़े ही थी साहब, अपने आप आई है।"

अखेर बांधाच्या अलीकडे जी माती अडकली होती, ती त्यांनी घमेल्याने वर वाहायला घेतली. दिवस मावळेपर्यंत एकोणीस घमेली झाली. झाकला गेला तो खाटेएवढा मुरूम. गेंदालाल न सांगता मदतीला आला होता, घाम गाळत होता. त्याच्यावर धड ओरडताही येईना. विनायकरावांनी घमेलं जमिनीवर आपटलं, उरलेल्या उघड्या मुरमाकडे पाहिलं आणि पुन्हा उतरून खाली गेले.