निम्म्याचा फरक

काचेच्या निमुळत्या फ्लास्कमध्ये ब्युरेटमधून शेवटचा थेंब पडायचा आणि पाण्यासारख्या निर्मळ द्रवात एकाएकी फिकट गुलाबी छटा उमटायची... कण्हेरीच्या पाकळीसारखी, आहे-नाही म्हणावी अशी. नेकनूरच्या अलीकडे, माळावरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तापलेल्या पत्र्याचा, स्पिरिटचा आणि खिडकीबाहेर रचलेल्या कडब्याचा वास एकमेकांत मिसळून गेलेला असे. त्या वासात उभ्या राहून रसायनशास्त्राच्या बाई फ्लास्क उजेडाकडे धरत, तेव्हा अकरावीचा अख्खा वर्ग श्वास रोखून पाहत राही.

बाई तासिका तत्त्वावर नेमलेल्या, अंबाजोगाईला शिकलेल्या, रोज एसटीनं येणाऱ्या. द्रावणाची तीव्रता मोजायचं, नॉर्मॅलिटीसारखं रुक्ष प्रकरण त्या अगदी घरगुती करून सांगत. "सल्फ्युरिक आम्ल दोन्ही हातांनी देतं गं," त्या म्हणत, "एका रेणूत देण्याजोगे हायड्रोजन दोन. म्हणून रेणुभार अठ्ठ्याण्णव असला, तरी हिशोबात धरायचं इक्विव्हॅलंट वेट निम्मं... एकोणपन्नास."

मला ते पाठ होतं. तरीही चाचणीत, घाईघाईत, मी सगळा हिशोब अठ्ठ्याण्णवनंच केला. उत्तर चुकलं, गुण गेले, पहिला नंबरही गेला. संध्याकाळी जेवणाच्या ताटावर मी रडले — एवढंच. पण कॉलेज ज्या संस्थेचं होतं, त्या संस्थेचे अध्यक्ष माझे वडील होते. सारा गाव त्यांना अण्णा म्हणे.

दुसऱ्या दिवशी तास चालू असतानाच अण्णा आत आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मागोमाग अत्तराचा दरवळ. त्यांच्या हातात माझा पेपर होता.

"म्याडम, एका आकड्यानं लई काय बिघडतंय?"

"आकड्याचं नाही, अण्णा. निम्म्याचा फरक आहे," बाई हळूच म्हणाल्या. "या हिशोबानं सोडा घातला, तर अर्धं आम्ल तसंच राहील."

"राहू द्या की! हितं कोण पिणार हाय?"

अण्णा हसले, म्हणून वर्ग हसला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं गं?"

"तिला काय इचारता? मी सांगतोय की!" माझ्याआधी अण्णाच बोलले.

पुढच्या वर्षीची नेमणूक कुणाच्या हातात आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, गुण वाढवले आणि पेपर माझ्या पुढ्यात ठेवला. पायाखालची फरशी दुभंगावी, असं वाटलं.

नंतरच्या प्रात्यक्षिकात माझा हात चुकला. ब्युरेटची तोटी जास्त फिरली आणि फ्लास्कमधला रंग गडद, भडक गुलाबी होऊन बसला. शेजारच्या मुलीचंही तसंच झालं होतं. "अगं, थेंब-थेंब सोड! ओत ते, पुन्हा कर," बाई तिला रागावल्या. मग माझ्यापाशी आल्या, फ्लास्ककडे क्षणभर पाहिलं.

"छान. तुम्ही लिहून घ्या," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तुम्ही... मला!

त्या वर्षात पुन्हा कधीच त्यांनी माझी एकही चूक दाखवली नाही. पुढच्या जूनमध्ये बाई आल्या नाहीत. का, ते कुणी विचारलंही नाही.

रसायनशास्त्रातल्या पहिल्या नंबराची ढाल अजूनही आमच्या बैठकीतल्या कपाटात आहे. अण्णा आता थकलेत, पण पाहुणे आले की उपरण्याच्या टोकानं ती पुसतात. "पोरगी पयल्यापासनंच हुशार," ते म्हणतात, आणि सगळे कौतुकानं माझ्याकडे वळतात. चहाचं बघते म्हणून मी उठून आत जाते... पाहुण्यांच्या हातात कप केव्हाच आलेले असतात.