सुभद्रावहिनींची एकनळी

सुभद्रावहिनींच्या मुलाचा, अनंताचा, फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी गॅलरीत भाजी निवडत बसले होते. "बाई, आय गेली," एवढंच म्हणाला. मी काही विचारायच्या आत पुन्हा म्हणाला, "पहाटं चहा मागितलान. मी कप घेऊन गेलो, तवर..." गुडघ्यांनी दगा दिलेला, त्यामुळे अंत्यदर्शनाला जाता आलं नाही. तेराव्याला गेले. आता त्यालाही महिना उलटून गेला, पण मनातून त्या हलत नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

सुभद्रावहिनी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. बाविसाव्या वर्षी मला शिक्षिकेची नोकरी लागली ती रोह्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा गावात. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा आणि गावापर्यंत एसटीसुद्धा येत नव्हती. वहिनींच्या घराच्या पडवीतली खोली मला राहायला मिळाली. त्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या. उंचीने बेताच्या, अंगाने काटक, बोलण्यात तुटक. नवरा गणपतराव, दोन मुलं, आणि डोंगराला लागून असलेलं भाताचं शेत. पहिलं वर्षभर आमचं बोलणं "जेवलात काय?" आणि "व्हय" यापलीकडे फारसं गेलं नाही. दुसऱ्या वर्षी गणपतरावांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले.

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायची. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून माणूस गेल्यावर पोलीसपाटलाने रीतसर ती ठाण्यात जमा केली. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते भात पिवळं पडायला लागलं तेव्हा. रानडुकरांचा कळप एका फेरीत निम्मं खाचर आडवं करून गेला. खाल्लं थोडं, तुडवलं फार. सकाळी मी वहिनींबरोबर शेतावर गेले होते. चिखलात लोळलेल्या लोंब्या त्या एकेक करून उचलत होत्या, पदरात घेत होत्या. रडल्या नाहीत. दिवसा वानरं, तिन्हीसांजेला आणि पहाटे डुकरं. पत्र्याचे डबे बडवून दोन लहान मुलांची आई किती राखण करणार?

धाकटे दीर सखाराम शेजारच्याच घरात राहत. ते त्या दिवशी ओट्यावर येऊन म्हणाले, "वयनी, बंदूक माज्या नावावर करून घेतो. शेतपण मीच बगतो. तुमाला धान्य पोचंल." बोलणं वाईट नव्हतं, सुरातही खोट नव्हती. पण वहिनी म्हणाल्या, "भावजी, ज्याची बंदूक त्याची राखण, आन् ज्याची राखण त्याचं शेत. मंग माजी पोरं तुमच्या दारात वाटी घेऊन उभी ऱ्हातील." सखारामभाऊ उठून गेले ते दोन वर्षं त्या ओट्यावर चढले नाहीत. त्याच दिवशी दुपारी वहिनी माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "बाई, अर्ज लिवता येतो का तुमाला? बंदुकीचा. माज्या नावाचा."

मी लिहिला. त्यानंतर रोह्याला किती खेपा झाल्या ते आता आठवत नाही. कुंडलिका नदीच्या पुलावरून आम्ही दोघी चालत जायचो, कचेरीच्या व्हरांड्यात बसायचो आणि "साहेब अलिबागला गेलेत" हे ऐकून परत यायचो. एकदा साहेब भेटले. चांगले गृहस्थ होते, पण त्यांना हसू आवरेना. "बाईमाणसाला बंदूक कशाला हो? घरात दीर आहे ना?" वहिनी मान खाली घालूनच म्हणाल्या, "सायेब, शेत बाईचं हाय का बाप्याचं, ते डुकराला कळत नाय." साहेबांनी हसणं थांबवलं, कागद पुढे ओढला आणि सही केली. पुढच्या भाताआधी अलिबागहून परवाना आला. पीकसंरक्षणासाठी, एक बंदूक.

आता बंदूक घ्यायची कुठली? गावात प्रत्येकाला मत होतं. कोणी म्हणे दोननळीच घ्या, एक बार चुकला तर दुसरा हाताशी. कोणी म्हणे ठासणीचीच बरी, स्वस्तात पडते. माझे वडील धरमतरच्या बंदरावर कारकून होते. त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे दुकानदार पेणमध्ये बंदुका विकत आणि दुरुस्तही करत. एका रविवारी मी वहिनींना तिकडे घेऊन गेले. वाल आणि एक गोऱ्हा विकून जेवढे पैसे आले होते, तेवढे त्यांनी कमरेच्या पिशवीत बांधून आणले होते. त्याच्यावर एक पैसा नाही.

दुकानदारांनी आधी दोननळी काढून दिली. वहिनींनी ती खांद्याला लावली आणि तशीच धरून ठेवली. खाली ठेवेनात. थोड्या वेळाने नळीचं टोक खाली झुकायला लागलं, तेव्हा म्हणाल्या, "जड हाय. पाखाडीच्या पायऱ्या चढून राखणीच्या माळ्यावर न्यायची, आन् कडेवर पोर." मग सोळा बोअरची एक हलकी बंदूक आली. ती हातात छान बसली, किंमतही आवाक्यातली. मला वाटलं, झालं काम. पण वहिनींनी विचारलं, "हिची काडतुसं रोह्यात गावतात?" दुकानदार माझ्याकडे बघून हसले. "ही मुलगी हुशार आहे. नाही मिळत. माझ्याकडेसुद्धा कधी असतात, कधी नसतात." ठासणीची तर त्यांनी स्वतःच बाद केली, भात पिकतं तेव्हा हवेत ओल, दारू सर्दावली की बार उडत नाही, आणि डुक्कर काही थांबत नाही.

शेवटी त्यांनी आतून एक जुनी बारा बोअरची एकनळी आणली. लाकडी दस्त्यावर ओरखडे, रंग उडालेला. ती उघडून त्यांनी वहिनींना दारात उभं केलं आणि नळीतून आभाळाकडे बघायला सांगितलं. "आत खड्डे दिसतात? काळे डाग?" वहिनींनी बराच वेळ डोळा लावला. "नाय. पाटाच्या पाण्यावानी चकचकीत हाय." मग दुकानदारांनी ती बंद करून कानाजवळ हलवून दाखवली, सांध्यात खडखड नव्हती. म्हणाले, "बाई, तुम्हाला एकच घ्यायची आहे ना? मग ही घ्या. बारीक छऱ्यांचं काडतूस घातलंत तर पाखरांना, मोठ्या छऱ्यांचं घातलंत तर डुकराला, आणि वानरांना नुसता आवाज पुरे. काडतुसं पेणला मिळतात, रोह्याला मिळतात. मोडण्यासारखं हिच्यात फार काही नाही." बंदूक वहिनींच्या हातात देत ते म्हणाले, "आणि एक सांगतो. बार एकच आहे. म्हणून जे नीट दिसत नाही, त्याच्यावर चाप ओढायचा नाही. कधीच नाही."

दस्ता वहिनींच्या हाताला लांब पडत होता. म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथे सुताराला बोलावून दोन बोटांएवढा कापून घेतला, कड घासून गुळगुळीत केली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. परतीच्या एसटीत ती बंदूक गोणपाटात गुंडाळून वहिनींनी मांडीवर आडवी धरली होती. कंडक्टरने विचारलं, "काय आहे हो यात?" तर त्या तोंड भरून म्हणाल्या, "माजी बंदूक." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं.

पहिला बार त्यांनी ओसाड माळावर, एका वाळलेल्या ताडाच्या बुंध्यावर काढला. दस्ता खांद्याला घट्ट लावायचा असतो हे सांगितलेलं विसरल्या आणि मागे धपकन बसल्या. खांदा आठवडाभर जांभळा होता. मी एरंडाची पानं शेकून द्यायची आणि त्या दात आवळून म्हणायच्या, "बाळंतपणापरीस बरं हाय, बाई." दिवाळीपर्यंत त्यांचा नेम बसला. एका डुकराला त्यांनी खाचराच्या बांधावरच लोळवलं. मटण गावभर वाटलं, सखारामभाऊंच्या घरीही पाठवलं. भांडं रिकामं परत आलं, निरोप काही आला नाही.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, आश्विनातली संध्याकाळ. शाळा सुटल्यावर मी वहिनींबरोबर माळ्यावर जाऊन बसले होते. उजेड उतरत चाललेला. खालच्या खाचराच्या टोकाला भात हललं. वारा नव्हता. पुन्हा हललं, आणि काहीतरी काळं, बुटकं, बांधाच्या कडेने सरकताना दिसलं. वहिनींनी घोडा चढवला, दस्ता खांद्याला लावला. आणि मीच, शिकलेली, मुलांना दया शिकवणारी मास्तरीण, त्यांच्या कानाशी कुजबुजले, "मारा, वहिनी! जाईल ते!" त्या हलल्या नाहीत. "दिसत नाय," एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, "अहो, डुक्करच आहे..." त्या तशाच. हात भरून आले तरी नळी खाली नाही आणि बोट चापावर नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या काळ्या आकारातून खोकल्याचा आवाज आला.

सखारामभाऊ होते. डोक्यावरून काळी घोंगडी घेऊन, हातात काठी घेऊन बांधाला टेकून बसलेले. वहिनी माळ्यावरून कशा उतरल्या ते मला कळलंच नाही. मी पोचले तेव्हा त्या त्यांच्यासमोर उभ्या होत्या, बंदूक उघडून काडतूस मुठीत धरलेलं. "काय करता भावजी हितं?" सखारामभाऊ खाली बघत म्हणाले, "वरच्या अंगानं तुमी बसता. खालून डुकरं शिरतात. दादाचं शेत हाय... म्हनून येतो." "कधीपासून?" "गेल्या सालापासून." वहिनी तिथेच बांधावर बसल्या आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. सखारामभाऊ गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. आपण कशातून वाचलो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि माझे शब्द वहिनींनी त्यांना कधीच सांगितले नाहीत. मलाही त्यावरून एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. घरी परतताना माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सखारामभाऊ ओट्यावर आले. तेव्हापासून राखण वाटून झाली. वरची वहिनींची, खालची त्यांची. खालच्या बाजूला जाताना ते आधी मोठ्याने हाळी द्यायचे, हा वहिनींचा हुकूम.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, पेणला संसार मांडला. वहिनींकडे वर्षातून एकदा तरी जाणं व्हायचं. कायदा बदलला, डुकराला मारायला वनखात्याची परवानगी लागायला लागली, तेव्हापासून वहिनी फक्त हवेत बार काढायच्या. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायला त्या स्वतः जायच्या आणि संपली की स्वतःच आणायच्या. मुलाला पाठवायच्या नाहीत. अनंताला कंपनीत नोकरी लागली, त्याने रोह्याजवळ वरसेला घर बांधलं. "आय, आता चल," म्हणून तो थकला. त्या सणाला जायच्या, दोन दिवस राहायच्या आणि शेताचं निमित्त काढून परत यायच्या. शेवटच्या दोन वर्षांत नजर गेली, तेव्हा अनंताच बायकोला घेऊन गावी राहायला आला आणि त्याला त्या स्वतःच म्हणाल्या, "ठेवून या ती ठाण्यात. दिसत नाय त्याच्या हातात बंदूक नको." सखारामभाऊ त्याच्याही आधी गेले होते.

तेराव्याला गेले तेव्हा जेवणं आटोपल्यावर अनंताच्या बायकोने, सुनंदाने, मला आतल्या खोलीत नेलं. पोटमाळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत वापरलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी उभी रचलेली, तीसचाळीस तरी असतील. प्रत्येकाच्या तोंडात चिंधीचा बोळा बसवलेला. मला काही उमजेना. सुनंदाने एक उघडून माझ्या तळहातावर उलटं केलं. दोडक्याचं बी होतं. दुसऱ्यात काकडीचं, तिसऱ्यात लाल भोपळ्याचं, गवारीचं, चवळीचं... "आय म्हनायची, ह्यात उंदीर शिरत नाय आन् किडापन लागत नाय. दर साली ह्यातनंच पेरायची. चिंधीच्या रंगावरनं वळखायची कुठलं काय ते. नजर गेल्यावर मला शिकवलान."

मला तिने निळ्या चिंधीचं एक दिलं. दोडक्याचं. पेणच्या गॅलरीत एका जुन्या बादलीत मी पाच बिया टोचल्या. चार उगवल्या आहेत.