प्रसादाचा फुटाणा

माझी भक्ती पहिल्यापासून जरा तोंडाळ. देवळात आरती माझ्याच आवाजात व्हायची. पण दीड वर्षाच्या नातवाच्या छातीत शिट्टी वाजू लागली तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप बसलं. शनिवारी देवळीच्या मारुतीपुढे मीच त्याला प्रसादाचे फुटाणे भरवले होते. लेकरू ठसकलं, लालबुंद झालं, मग खेळायला लागलं. त्याला दाणे देऊ नका, असं सुनेनं बजावलेलं. प्रसादानं कधी कुणाचं वाईट होतं का, अशी मी मनाची समजूत घातली.

तीन आठवडे तो आवाज घरात ऐकू येत होता. डॉक्टरांनी विचारलं, घशात काही गेलं होतं का? सून "नाही" म्हणाली. तिला ठाऊकच नव्हतं. मी शेजारी उभा होतो. जन्मभर शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि स्वतः भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिलो. दम्याचं औषध सुरू झालं, पण उतार पडेना.

शेवटी कुणी झाडपाल्याचं औषध देतं म्हणून सून आणि मी लेकराला घेऊन वर्ध्याच्या एस.टी.त बसलो. वांग्यांची टोपली घेऊन अल्लीपूरची एक बाई शेजारी होती. गर्दी पाहून तिनं लेकराला मांडीवर घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि थबकली.

"काहो बाबाजी, एकाच अंगानं घरघर लागून राह्यली याले. दाणागिणा तं नाई गेला नाकातोंडात? माह्या नातीले असंच झालतं."

मनात मारुतीचं नाव घेतलं आणि सुनेला सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती एवढंच म्हणाली, "आधी मोठ्या दवाखान्यात चला." उतरण्याच्या घाईत त्या बाईचं नावही विचारायचं राहून गेलं.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून अर्धा फुटाणा काढला. दुसऱ्या दिवशी लेकरू शांत श्वास घेत होतं. माफी मागायला मी सुनेजवळ जाऊन हात जोडले. तिनं लेकरू उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"धरा न बाबा. मी पानी पिऊन येतो."

देवापुढे मी आजवर हजारदा वाकलो असेन, पण शरण गेलो तो त्या एस.टी.त. ज्या हातांनी चूक केली त्याच हातांत तिनं पुन्हा लेकरू दिलं. याहून मोठी कृपा मी पाहिलेली नाही. त्याच्या छातीला कान लावला आणि वॉर्डातल्या सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.