सहाणेवरचं हाड

हे मी बायकोलाही बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, पण कीव करू नका—ती मला चालत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वडनेरकडच्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवायचो. हाड म्हणजे शरीरातला दगड, मेलेला—असं दरवर्षी ठोकून द्यायचो. पुस्तकात वेगळं होतं. वाचतो कोण? मग शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला हाडाचा काप हवा झाला. कागदाहून पातळ.

हाडाला मी हात लावणार? आमच्या घरी स्मशानातून आल्यावर अंगणातच अंघोळ. म्हणून शिपाई तुळशीरामला जुंपलं. त्याने मेलेल्या बैलाचं हाड आणलं, करवतीने चकती काढली. पण घासायला गुळगुळीत दगड कुठला? मीच म्हणालो, शाळेच्या गणपतीचं चंदन उगाळायची सहाण घे. हो—मीच. चार दिवस घासत होता बिचारा. बिचारा कसला! काप काचेवर ठेवून माझ्याआधी स्वतःच डोळा लावला, तोही भरल्या वर्गात.

"मास्तर, हे तं जित्तं होतं! पाहा ना, घरंच घरं, अन् एका घरातून दुसऱ्यात जायाले बारीक बारीक गल्ल्या. तुमी तं पोराईले मेलं सांगून राह्यले होते!"

वर्ग हसला. मी पाहिलं—खरंच होतं. त्या काळ्या घरांत पेशी राहायच्या, त्या केसाएवढ्या वाटांनी शेजारणीला अन्न आणि सांगावा पोचवायच्या. दहा वर्षं शिकवून मला न दिसलेलं सातवी नापास माणसाला दिसलं! अंगाचा तिळपापड झाला.

गणपतीत चंदन उगाळताना सहाणेच्या खाचेत पांढरी पूड सापडली; वर्गात हाड दाखवल्याचं पोरांनी घरी सांगितलं होतंच, त्यामुळे ती कशाची हे कळायला वेळ लागला नाही. गावातली मंडळी हेडमास्तरांच्या खोलीत चढून आली. कोणी केलं हे? तुळशीराम खाली मान घालून म्हणाला, "घासलं म्याच. मास्तर, तुमी सांगा ना."

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. "माझ्या पाठीमागे केलं असेल."

त्याच दिवशी त्याला काढलं. बायको-पोरांना घेऊन तो गाव सोडून गेला. कुठे? मी विचारलंही नाही.

लोकांना भिऊन बोललो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं. लोक ओरडून परत गेले असते, माझी नोकरी काही जात नव्हती. मला तो माणूस शाळेत नको होता. तो फाटकाबाहेर पडला तेव्हा मला बरं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.