दादाचा न धुतलेला दुपट्टा

प्राणीसंग्रहालयातून फोन आला तेव्हा दादाला जाऊन पाच दिवस झाले होते. "तुमच्या भावाचा न धुतलेला एखादा कपडा आहे का? दोन्ही माकडं अन्नाला तोंड लावत नाहीत..." मी काय सांगणार? तिसऱ्या दिवशी राख सावडली तेव्हा रीतीप्रमाणे मीच त्याचे सगळे कपडे खडकपूर्णा नदीत सोडून आलो होतो. काही उरलं नाही, म्हणालो आणि फोन ठेवला. मायला बोललोही नाही.

प्रभाकरदादा माझा थोरला भाऊ, आम्ही दुसरबीडचे. शहरातल्या त्या प्राणीसंग्रहालयात त्याने वीस वर्षं टॅमरिन माकडं सांभाळली. खारीपेक्षा जराशी मोठी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा तुरा. त्यांच्या मूळ जंगलातही आता ती फार उरलेली नाहीत. दादाकडे तिथली शेवटची जोडी होती, मादी गाभण होती. यांच्यात पिल्लं बापच पाठीवर वागवतो, हे तो इतक्या कौतुकाने सांगायचा की माझी बायको मला त्यावरून टोमणे मारायची. ती माकडं वासावरून ओळखतात, म्हणून गळ्यातला दुपट्टा तो महिनोन् महिने धूत नसे. सुट्टीवर आला की माय त्याला ओट्यावरच अडवायची. "काय वास येऊन राह्यला बाप्पा! आधी आंघोळ कर, मंग घरात ये." तो हसायचा. "माय, ह्याच वासावर ते मले वळखतात."

दोन दिवसांनी फोनचा विषय सहज निघाला. माय उठली आणि गोधडीखालून तोच दुपट्टा काढला. दादा पिंजऱ्यासमोर कोसळला तेव्हा तो त्याच्या गळ्यात होता. "तू नदीत सोडशीन म्हनून लपवला. एवढाच राह्यला रे माह्याजवळ..." बराच वेळ तिने तो छातीशी धरला. मग म्हणाली, "ते पोटुशी हाय ना? ने."

मी पोचलो त्या दिवशी पहाटेच मादी गेली होती, पोटातल्या पिल्लांसकट. मायला न सांगता घालवलेले ते दोन दिवस माझे आहेत, ते मी कुणाच्या माथी मारू? नर दुपट्ट्यात शिरून बसला. आठवडाभर तसाच... मग तोही गेला. शेवटची जोडी संपली, आणि दादा दुसऱ्यांदा मेला असं मला वाटलं.

दुपट्टा परत आणला. माय ओट्यावर होती. घरात न्यावा की नाही, मी घुटमळलो. "माय, याले आता माकडाचाच वास हाय."

तिने तो नाकाशी धरला. "हाव," ती म्हणाली, "तो असाच तं यायचा." आणि आंघोळीचं नाव न काढता त्याला आत घेऊन गेली.